एकुवाच्या हातचा घोट

“तिच्या हातात चमचा देऊ नका, सिस्टर!” क्वामेनामामा दारातूनच ओरडले.

सिस्टर आर्कोहनं बाटली पुढे केली होती. एकुवानं दोन्ही हात पाठीमागे नेले. खाटेवर तिची आई एफुवा कण्हत होती. पोटातला आजार बरा होणारा नव्हता. दुखणं मात्र या औषधानं उतरलं असतं. दवाखान्यानं अशा आजाऱ्यांसाठी घरोघरी फिरायला नुकतीच सुरुवात केली होती. सिस्टर पुन्हा येईपर्यंत घरच्याच कुणीतरी औषध पाजायला हवं होतं.

“का नको, मामा?”

“बापाला शेवटचं पाणी हिनंच पाजलं. घोट उतरला न उतरला तोच तो गेला. तेव्हापासून हिच्या हातची मक्याची केंकीसुद्धा कुणी खात नाही. तुम्ही खाऊन बघा की!”

“आणा, खाते. आणि एवढी भीती आहे तर बहिणीला तुम्हीच पाजा.”

“मी? मी कशाला तिला निरोप देऊ?”

घानाच्या त्या किनाऱ्यावर मरणाऱ्याला तहानलेलं जाऊ देत नाहीत. पुढची चढण मोठी असते म्हणतात. शेवटचा घोट घरची लेक पाजते. आणि एफुवाला लेक एकच.

पलीकडे चर्चमध्ये प्रवचन रंगात आलं होतं. मध्येच एका बाईनं पद उचललं, तसे पाद्रीबुवा थांबले आणि सगळी मंडळी तिच्यामागून गाऊ लागली. इतकी वर्षं ते पद एफुवा उचलायची. आज तिनं कान झाकून घेतले.

“आई,” एकुवाला रडू फुटलं, “तुलाही माझ्याच हातांनी घालवू का गं?”

एफुवा कण्हायची थांबली.

“ऐक. त्या रविवारी मी अशीच तिकडे गात होते. देवाला आळवत होते, आणि इथं तुझा बाप एकटा पडला होता. बायको असून तहानलेला गेला, असं लोक म्हणाले असते. म्हणून घरी येताच तुला हाक मारली.”

“आणि मी पाणी पाजलं. तो प्यालासुद्धा. मी बघितलं ना!”

मामा उंबऱ्यावरच खाली बसले. एफुवानं भिंतीकडे तोंड वळवलं.

“तू आलीस तेव्हा तो गार झाला होता. त्याची हनुवटी मी हलवली, पोरी. आता मला दे.”