पाईपातलं ऑईल

निवडणूक हरल्यावर सुंदररावांनी हौसेनं एक जुनी टर्बो गाडी घेतली. आज तिच्या हवेच्या पाईपात ऑईल सापडलं. टर्बोच, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखाच, गेला की काय, या धास्तीनं त्यांनी आतलं पातं बोटानं हलवून पाहिलं. ते जराही डुगडुगलं नाही.

"टर्बो शाबूत हाय बघ! नुसती इंजिनाची वाफ जायची नळी तुंबलीय."

मोबाईलचा उजेड धरलेल्या त्यांच्या पत्नी मुक्ताबाई हसल्या. तेवढ्यात तोच मोबाईल वाजला.

"माजलगावहून पक्षाचा फोन हाय. तिकिटाचं बोलायला आत्ताच या म्हणतेत."

सुंदररावांनी आपले काळेकुट्ट हात पाहिले आणि नळी साफ करायला घेतली.

"कामात हायेत म्हणावं."

दारात आलेल्या माणसांना मुक्ताबाईंनी हे उत्तर जन्मभर दिलं होतं. ते खरं मात्र आज पहिल्यांदाच होतं.