टाटा
तिवस्याला जाणारी गावाची एसटी तोट्यापायी बंद झाली. त्या रस्त्यावर आता खासगी कारखान्याची बस धावते, फक्त कामगारांसाठी. आचलला त्याच कारखान्यात नोकरी लागली, घर पक्कं झालं, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशनही झालं. आज बसमधून तिला फाट्यावर आजी दिसली. मेथीचं टोपलं डोक्यावर चढवून आजीनं सवयीनं बसला हात केला. "थांबवा काका, माही आजी हाये!" आचल ओरडली. "कार्ड नसलेल्याले घेतलं तं माही नोकरी जाईन, पोरी," ड्रायव्हर म्हणाला. बस पुढं गेली. संध्याकाळी आजीचे चालून सुजलेले पाय चोळताना आचलला वर बघवेना. आजीनंच तिची हनुवटी उचलली. "कावून रडून राहिली व? गाडी कोण थांबवत होतं? मी तुले टाटा करून राहिल्ती!" टाटा करायला कुणी भरलं टोपलं डोक्यावर चढवत नाही, हे आचल बोलली नाही.