मुरलेला जाम

रिसालीतल्या कारखान्याच्या क्वार्टरचं कुंपण त्या उन्हाळ्यात करवंदांनी लदबदून गेलं. तुळसाबाईंनी त्यांचा जाम केला, बरणी वरच्या फळीवर ठेवली आणि सुनेला बजावलं, "थंडी पडेपर्यंत बरणीले कोणी हात लावाचा नाही!"

डॉक्टरांनी सासूबाईंचं गोड बंद केलेलं, तेव्हा त्या काही बरणीकडे फिरकायच्या नाहीत, अशी विजयाची खात्री होती. दुपारी त्यांचा डोळा लागला की ती चमचाभर जाम खायची आणि तेवढाच गुळाचा पाक वरून ओतायची. अर्धा जाम संपला तेव्हा मात्र ती घाबरली आणि तिने मोठ्या कष्टाने जीभ आवरली.

पौषातल्या एका सकाळी तिचा नवरा देवानंद नाइट शिफ्ट करून आला, आणि त्याने गरम पोळ्यांसोबत खायला बरणी उघडली. तळापर्यंत चमचा फिरवला, पण वर आला तो नुसता गुळाचा पाक.

"आई, याच्यात करवंदं कुठी हायेत?"

विजया चक्रावली. अर्धी तर तिने ठेवली होती!

 

तुळसाबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या, "जाम चांगला मुरला नं बाबू, का करवंदं विरघळूनच जातेत."