प्रेरणाचं बघून

अख्ख्या वर्गाचा स्वभाव एकच निघाला.

वैदेहीने सगळे आकडे पुन्हा भरून पाहिले. फरक पडला नाही. तिच्या पीएच.डी.चा विषय होता विद्यार्थ्यांचा स्वभाव आणि त्यांचे गुण. नेटकी, वेळ पाळणारी मुलं परीक्षेत पुढे असतात, असा तिचा अंदाज. पण प्रश्नावलीनुसार बी.ए. दुसऱ्या वर्षाची सगळीच मुलं आळशी, विसराळू आणि कामचुकार होती. बेचाळीस टक्केवाला विश्वजीत तसा, आणि एक्क्याण्णव टक्केवाली प्रेरणाही तशीच.

परीक्षेआधीची सुट्टी लागली होती. विश्वजीत तिला बसस्टॉपवर सापडला, गावी लासूर स्टेशनला निघालेला.

"बघून लिहिलंस ना?"

"सगळ्यांनीच लिहिलं, मॅडम. प्रेरणाचं. तिचं कधी चुकत नाय."

"अरे, पण तुझा स्वभाव तिच्या कागदावर कसा असेल?"

"तिला एक्क्याण्णव, मला बेचाळीस. मग बरोबर कुणाचं असंल?" तो अगदी मनापासून विचारत होता. "'मी कामं वेळेवर करतो', तर तिनं टिक केलं 'अजिबात नाही'. मलाबी जरा डाऊट आला. म्हटलं, ट्रिक असंल कायतरी."

फोनवर मार्गदर्शक सर आधी हसले, मग गंभीर झाले. "म्हणजे अस्सल उत्तरं एकटीचीच. पहिली येणारी मुलगी खरंच आळशी असेल, तर हा निष्कर्ष नवा आहे. तिची मुलाखत घे, संशोधन समितीकडून मुदतवाढ मी आणतो. नसेल, तर वर्ष गेलं समज."

प्रेरणा औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत होती. भिंतीलगतची कोपऱ्यातली जागा. समोर तासातासाचं वेळापत्रक चिकटवलेलं. वैदेहीने ते वरपासून खालपर्यंत वाचलं. तरी तिने विचारलं.

"खरं सांग, तू कामं टाळतेस?"

"नाही हो, मॅडम!"

"मग तसं का लिहिलंस?"

प्रेरणाने आजूबाजूला पाहिलं. आवाज खाली आणला.

"सगळे माझंच बघतात ना. म्हणून मी आधी चुकीचं लिहिते. त्यांचं उतरवून झालं की खोडून बरोबर करते." मग ती जरा रागानेच म्हणाली, "पण तुम्ही कागद पाच मिनिटं आधीच गोळा केलेत."