वळूंची वही

वळू निवडण्याआधी बाबा त्याच्या आईचं, आजीचं दूध आणि स्वभाव विचारून वहीत टिपून ठेवत. माझं लग्न ठरलं तेव्हा मात्र "तुला पसंत ना? मग झालं," एवढंच म्हणाले. "वळूच्या आजीपर्यंत पोचता, जावयाच्या आईचं नावही विचारलं नाहीत," असं आई त्यांना शेवटपर्यंत टोचत राहिली. मी हसायचे, पण ते मलाही लागलं होतं.

बाबा गेल्यावर महिन्याभराने गुरांचे डॉक्टर आले. "चांदी गाईसाठी कुठला वळू, ते वहीत असेल. बघ ना, ताई."

पानं उलटता उलटता माझ्या लग्नाचं वर्ष आलं. वळूंच्याच रांगेत, बाबांच्या अक्षरात एक नोंद होती.



"जावई. आजी नव्वदीची, काठीशिवाय चालते. आई शांत. दोनदा न सांगता जाऊन पाहिला. शेरा: हा आला की आपली पोर हसते."