डाव्या खांद्यावरची पाकळी

"लाव पाकळी! बाबलीक आज घरातसून भायर काढतलंय!" विठ्ठलने चपला देवळाच्या पायरीवर भिरकावल्या.

कृष्णनाथ गुरव बोटांना खोबरेल चोळत राहिला.

पेडण्यातल्या या देवळात वीस वर्षं तो असली तापलेली थोबाडं बघत होता. बांध, विहीर, आणि आता भाषा. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून आठवडा झाला, तरी यांचं संपेना. विठ्ठलच्या धाकट्या भावाने, बाबलीने, दुकानाची मराठी पाटी उतरवून कोंकणी लावली. एवढ्यासाठी देवाला कौल!

त्याने पाकळी चिंब भिजवून मूर्तीच्या उजव्या खांद्यावर चिकटवली. पडली तर देवाचा होकार. पण भिजकी पाकळी तासभर हलत नाही. तेवढ्यात कुठल्याही वाघाचं मांजर होतं.

विठ्ठल फणफणला. मग खांबाला टेकला. मग बसला.

पाकळी जागच्या जागी.

"खाणीवर माझो पाय मोडलो, तेव्हा बाबलीनच खांद्यार घालून घराक हाडलो," तो पुटपुटला.

कृष्णनाथने जांभई दिली.

थोड्या वेळाने विठ्ठल चपला शोधून, मान खाली घालून निघून गेला. पाकळीकडे न बघता.

तासाभराचा राग, कृष्णनाथ मनात म्हणाला. तोही धड सांभाळता येत नाही या लोकांना.

त्याचा स्वतःचा धाकटा भाऊ श्रीनाथ. त्याने दोन वर्षांपूर्वी भरसभेत कृष्णनाथला 'देवाचो दलाल' म्हटलं होतं. कृष्णनाथने तेव्हा आवाजसुद्धा चढवला नव्हता. गाव अजून त्याचं उदाहरण देतं.

त्याची बायको सत्यवती धापा टाकत आली. "अवो, वाळपयच्या इस्पितळातसून परत माणूस इलो. श्रीनाथ भावजी तुमचाच नाव घेतत. आजचो दिस काढतीत की नाय..."

"देवाक विचारलंय मां? ती बघ, डाव्या खांद्यार. पडली की निघतंय."

"काल सकाळी लावलात ती!"

"मग? मी देवापेक्षा मोठो?"

सत्यवतीने पाकळीकडे पाहिलं, हात जोडले आणि डोळे पुसत गेली.

कृष्णनाथ गाभाऱ्यात शिरला. डाव्या खांद्यावरची पाकळी एका कडेने सुटू लागली होती. समईमागची करवंटी त्याने पुढे ओढली आणि बोटावर फणसाचा चीक घेतला.