घराण्याचं घड्याळ

सासरे शेवटची काही वर्षं आमच्याकडे राहिले आणि मेहुणे त्यांच्यावर फोनवरून माया करत राहिले. सासरे गेले, तसे मेहुणे प्रत्यक्ष आले.

"हे बघ ताई, आजोबांचं घड्याळ बाबांकडे आलं, बाबांचं आता माझ्याकडे. घराण्याचा वारसा आहे तो, मुलीकडे नाही जात."

बायकोने डोळे पुसले आणि बाबांच्या उशाजवळचं टिकटिकतं घड्याळ मुकाट्याने त्यांच्या हातात ठेवलं. सासरच्या वाटणीत जावई चहापुरता. मी चहा प्यायलो.

आठवड्याच्या आत मेहुणे पुन्हा दारात.

"ताई, दुसऱ्याच दिवशी बंद पडलं गं हे! असल्या डबड्याच्या मागे आता कोण धावणार? तूच ठेव, बाबांची आठवण म्हणून."

"अरेरे! बंद पडलं?" बायको इतक्या गंभीरपणे म्हणाली, की मला कपात तोंड लपवावं लागलं.



मेहुण्यांची गाडी कोपऱ्यावर वळली. बायकोने दार लावलं, आणि बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून रोज सकाळी देत आली होती, तशी घड्याळाला चावी दिली.